रंग गेला, विष गेलं का?

१९७१ च्या सप्टेंबरपासून इराकमधल्या बसरा बंदरात गव्हाच्या पोत्यांनी भरलेली जहाजं लागू लागली. दुष्काळाने तिथलं पीक बुडालं होतं आणि सरकारने मेक्सिकोहून भरघोस उत्पन्न देणारा गहू मागवला होता. हा गहू पेरण्यासाठी होता, खाण्यासाठी नव्हता. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग, चोळलेलं होतं. ते विषारी आहे हे कुणाच्याही लक्षात यावं म्हणून दाण्यांना गुलाबी-लाल रंग दिलेला होता. पोत्यांवर इशाराही छापलेला होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत.

अनेक गावांत हे बियाणं पोहोचलं तेव्हा पेरणी उरकली होती. घरात धान्य नव्हतं आणि दारात गव्हाची पोती होती. लोकांनी गहू पाण्यात धुतला. रंग पाण्यात उतरला, दाणा पूर्वीसारखा दिसू लागला. काहींनी सावधगिरी म्हणून आधी कोंबड्यांना आणि जनावरांना घातला. काही दिवस वाट पाहिली, त्यांना काही झालं नाही. मग त्याच्या भाकऱ्या झाल्या.

पारा मात्र दाण्यातच होता. मिथाइल मर्क्युरीचा स्वभाव असा की खाल्ल्यावर लगेच काहीच होत नाही. काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतात, चाल अडखळते, दृष्टीचं क्षेत्र चहूबाजूंनी आकसत जातं, ऐकू येणं कमी होतं. इराकच्या रुग्णालयांत ६,५३० रुग्ण दाखल झाल्याची आणि त्यांपैकी ४५९ दगावल्याची नोंद १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ही फक्त रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांची संख्या. गरोदरपणी ही भाकरी खाल्लेल्या काही मातांची बाळं मेंदूला इजा घेऊनच जन्माला आली.

विषशास्त्र शिकताना ही घटना आम्हा डॉक्टरांना पाऱ्याचं उदाहरण म्हणून शिकवली जाते. मला तिचा धडा जरा वेगळा वाटतो. त्या शेतकऱ्यांचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. डाग गेला की वस्तू स्वच्छ झाली, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. गाळलेलं, नितळ पाणी आपण चांगलं समजतो. डोळ्यांवरचा हा विश्वास कुठे दगा देतो हे समजून घ्यायला इराकपर्यंत जायची गरज नाही. आपल्या शेतात आणि आपल्या नद्यांत त्याची उदाहरणं आहेत.

गुलाबी बियाणं

जून-जुलैमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या शेतात गेलात, तर पेरणीआधी बियाण्याला औषध चोळताना दिसेल. यालाच बीजप्रक्रिया म्हणतात. ती करण्यामागे सबळ कारण आहे. सोयाबीनचं रोप जमिनीतून वर आलं की खोडमाशी त्याच्या कोवळ्या पानात अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पानाची शीर पोखरते, देठातून खाली उतरते आणि खोडात शिरून आतला गाभा खाते. बाहेरून रोप काही काळ हिरवंच दिसतं. खोड उभं चिरलं तर आत लालसर-तपकिरी भुयार सापडतं. रोप अगदी लहान असताना हा हल्ला झाला तर ते वाळून जातं, आणि ओळीच्या ओळी विरळ झाल्या की दुबार पेरणीची वेळ येते. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, मजुरीचा दुप्पट खर्च आणि हातची निघून गेलेली ओल.

म्हणून थायामेथोक्झामसारखं कीटकनाशक बियाण्यालाच लावतात. ते रोपाच्या रसात मिसळतं आणि पहिले काही आठवडे अळीपासून रोपाचं रक्षण करतं. उभ्या पिकावर फवारणी करण्यापेक्षा यात औषध कमी लागतं आणि ते शेतकऱ्याच्या नाकातोंडातही कमी जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला होता. ते आठवलं की बीजप्रक्रियेचं मोल कळतं.

या औषधांना दुसरी बाजूही आहे. मधमाश्यांवरच्या परिणामांमुळे युरोपीय संघाने थायामेथोक्झामसह तीन कीटकनाशकांवर २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. त्यानंतर इंग्लंडमध्ये मोहरीच्या कुळातल्या रेपसीड या तेलबियांच्या पिकाची कोवळी रोपं भुंग्यांनी मोठ्या प्रमाणावर फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांनी ते पीकच सोडलं. तेव्हा ‘औषध नकोच’ असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. औषध वापरायचं असेल तर ते कसं हाताळायचं, हा खरा प्रश्न आहे.

इथे पुन्हा रंग येतो. प्रक्रिया केलेलं बियाणं गुलाबी, लाल, निळं किंवा हिरवं दिसतं ते शोभेसाठी नव्हे. ती धोक्याची खूण आहे. अशा पिशवीवर ‘खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वा तेलासाठी वापरू नये’ ही सूचना असते. तरीही पेरणीनंतर दोन-चार किलो बियाणं उरतं, ते धुऊन कोंबड्यांना टाकावं किंवा बाकीच्या धान्यात मिसळावं, असा मोह होतो. धुतल्याने रंग जातो. औषध किती गेलं आणि किती उरलं, हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. शिवाय जे गेलं ते धुण्याच्या पाण्यातून अंगणात पसरलं, जिथे मुलं खेळतात आणि शेळ्या पाणी पितात.

म्हणून साध्या गोष्टी. बीजप्रक्रिया करताना हातमोजे घाला. पेरताना विडी, तंबाखू, खाणं नको. त्या हाताने डोळे चोळू नका. उरलेलं बियाणं मूळ पिशवीतच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आणि कुणाला मळमळ, घाम, चक्कर, अंगाला कंप असं काही झालं, तर घरी ओकाऱ्या काढण्यात वेळ न घालवता रुग्णालयात या. येताना औषधाची बाटली किंवा बियाण्याची पिशवी बरोबर आणा. आम्हा डॉक्टरांसाठी त्या लेबलाची किंमत मोठी असते, कारण सगळ्या कीटकनाशकांचा उतारा एक नसतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं, पण थायामेथोक्झामवर असा नेमका उतारा नाही. तिथे रुग्णाचा श्वास, रक्तदाब सांभाळत राहणं हाच उपचार.

एका लाल औषधाची गोष्ट

आता पाण्याकडे वळू. कापड रंगवण्याच्या व्यवसायात वापरले जाणारे बहुसंख्य रंग ‘अ‍ॅझो’ कुळातले असतात. या रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंची एक जोडी असते. ही जोडी दोन बाजूंच्या कार्बनी कड्यांना पुलासारखी जोडते. रंग दिसतो तो या पुलामुळे. पूल तुटला की रंग नाहीसा होतो.

पूल तुटल्यावर काय उरतं, याचं उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल या लालभडक अ‍ॅझो रंगाने जंतुसंसर्ग बरा होतो हे जाहीर केलं. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी की हा रंग उंदराच्या शरीरात जंतूंना हरवत होता, पण परीक्षानळीत त्याचा जंतूंवर काहीच परिणाम होत नव्हता. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी कोडं सोडवलं. शरीरात गेल्यावर नायट्रोजनचा पूल तुटतो आणि सल्फानिलामाइड हा रंगहीन पदार्थ सुटा होतो. काम करत होता तो हा रंगहीन तुकडा. रंग केवळ वाहन होता.

आतड्याच्या सुजेवर आम्ही आजही सल्फासॅलाझिन देतो. तेही अ‍ॅझो संयुगच आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा पूल तोडतात आणि औषध नेमकं हवं तिथे मोकळं होतं.

इथे सुटा होणारा तुकडा उपकारक आहे. पण काही अ‍ॅझो रंगांतून सुटणारे तुकडे बेन्झिडीनसारखे असतात. त्यांना अ‍ॅरोमॅटिक अमाइन म्हणतात. आणि त्यांचा इतिहास भयंकर आहे.

मूत्राशयाचा कर्करोग आणि रंगाचे कारखाने

फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांचं नाव हृदयाची जखम शिवून रुग्ण वाचवल्याबद्दल, १८९६ साली, इतिहासात गेलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी त्यांना आढळल्या होत्या. पुढे १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या रसायन उद्योगातल्या कामगारांच्या मोठ्या पाहणीने बेन्झिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांच्यावर शिक्कामोर्तब केलं.

असे अमाइन सोडू शकणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली. भारतानेही १९९० च्या दशकात शंभराहून अधिक अ‍ॅझो आणि बेन्झिडीन रंग वापरातून बाद केले. म्हणजे आज बाजारातला प्रत्येक रंग कर्करोगजनक आहे असं मुळीच नाही. पण बंदी कागदावर असणं आणि प्रत्येक पिंपात काय आहे हे माहीत असणं यांत अंतर असतं. शिवाय बंदी नसलेल्या रंगांचे तुकडेही निरुपद्रवी असतीलच, असं न तपासता म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कारखान्यात वर्षानुवर्षं या रसायनांत काम केलेल्यांबाबतचा पुरावा भक्कम आहे. रंगीत नदीकाठी राहणाऱ्यांबाबत ‘याच पाण्यामुळे हा आजार’ असं बोट दाखवणं फार कठीण असतं. या कर्करोगाला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. तोवर माणूस गाव बदलतो, कारखाना बंद पडतो, विहीर बुजते. त्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे, आणि तंबाखूच्या धुरातही हेच अमाइन असतात. पुरावा गोळा होईपर्यंत एक पिढी निघून जाते. म्हणून पाण्याच्या बाबतीत आधी काळजी घेणं हाच शहाणपणा ठरतो.

हिराकस आणि पेरॉक्साइड

सुती कापडाला दिलेला सगळा रंग कापडावर बसत नाही. बराच भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीपासून राजस्थानातल्या पालीपर्यंत आणि तमिळनाडूतल्या तिरुपूरपर्यंत प्रत्येक वस्त्रनगरीपुढे हाच प्रश्न आहे. हे पाणी स्वच्छ कसं करायचं?

तुरटीसारखी द्रव्यं घालून रंग खाली बसवता येतो. पाणी नितळ होतं, पण रंग मोडत नाही. तो फक्त पाण्यातून गाळात जातो. तो गाळ कुठेतरी उघड्यावर पडला की पहिल्या पावसात रंग पुन्हा ओढ्यात. ब्लीचिंग पावडर किंवा हायपो ओतला तर रंग झपाट्याने उडतो. पण क्लोरीन त्या तुकड्यांना चिकटून नवी, कधी अधिक त्रासदायक संयुगं तयार होऊ शकतात. आणि रंगीत पाणी नुसतं साचवून ठेवलं, तर तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू नायट्रोजनचा पूल तोडतात. रंग फिका होतो आणि अमाइन मोकळे होतात. आपल्या आतड्यात जे घडतं तेच इथे घडतं, फक्त सुटणारा तुकडा औषध असेलच असं नाही.

याहून खोलवर जाणारा मार्ग ऑक्सिडीकरणाचा. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलं की लोहाच्या क्षारात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं की सेंद्रिय पदार्थांवर जबरदस्त मारा होतो. लोहाचा हा क्षार म्हणजे आपल्याकडचा हिराकस. पेरॉक्साइड तुम्ही जखमेवर फेसाळताना पाहिलं असेल. या दोघांच्या भेटीतून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा कण जन्मतो. तो जगतो सेकंदाच्या अब्जांशाच्या आसपास, पण तेवढ्यात जो रेणू समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. पुलावरही आणि कड्यांवरही. मारा पुरेसा वेळ चालू राहिला, तर रंगाच्या रेणूचा शेवट कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांत होतो.

डॉक्टरांना हा कण अनोळखी नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. त्यातून शरीरात लोह साठत जातं आणि हीच अभिक्रिया हृदय व यकृताच्या पेशींना इजा करते. त्यासाठी लोह बाहेर काढणारी औषधं द्यावी लागतात. जो कण पेशी मोडू शकतो, तो रंगही मोडू शकतो.

पण ‘पुरेसा वेळ’ या दोन शब्दांत सगळं अडकलं आहे. नायट्रोजनचा पूल हा रेणूतला सर्वांत कच्चा दुवा. तो सुरुवातीलाच तुटतो. ओझोनच्या पद्धतीत तर काही मिनिटांत पाणी रंगहीन होतं, पण त्यातला सेंद्रिय कार्बन मोजला तर बराचसा तसाच असतो. कडी फोडून शेवटापर्यंत जायला जास्त पेरॉक्साइड, जास्त वेळ आणि जास्त पैसा लागतो. फेंटनच्या पद्धतीत पाणी आधी चांगलंच आम्लधर्मी करावं लागतं, नंतर चुना घालून उदासीन करावं लागतं, आणि लोहाचा तपकिरी गाळ उरतो तो वेगळाच. खर्च वाचवायचा असेल तर मोह एकच होतो: पाणी नितळ दिसू लागलं की थांबायचं.

पण अर्ध्यावर थांबलेलं पाणी रंगीत पाण्यापेक्षा एका अर्थाने जास्त फसवं. लाल ओढ्यातलं पाणी कुणी ओंजळीत घेत नाही, जनावरंही बिचकतात. रंगहीन झालेलं पाणी गुरं पितात, शेतकरी भाजीला देतो, विहिरीत झिरपलं तर कुणाला संशयही येत नाही. प्रक्रिया अर्धवट राहिली तर आपण विष नव्हे, फक्त धोक्याची खूण पुसलेली असते. इराकच्या शेतकऱ्याने नेमकं हेच केलं होतं.

मग ओळखायचं कसं?

उपाय नाहीत असं नाही. ऑक्सिडीकरणाने मोठे रेणू तोडून उरलेलं काम प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंवर सोपवलं, तर खर्च आटोक्यात येतो. आधी प्राणवायूविना पूल तोडणारे जिवाणू आणि नंतर अमाइन खाणारे जिवाणू, अशी जोडीही चालते. रंग बसवण्यासाठी वापरलेलं मीठ मात्र ऑक्सिडीकरणाने जात नाही. तिरुपूरच्या नोय्याल नदीची जमीन-पाणी खारावून गेल्यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले, आणि सांडपाणी बाहेरच न सोडता पुन्हा वापरण्याची सक्ती झाली. ते महाग आहे. पण तो खर्च आधी शेतकरी आपल्या नापीक जमिनीतून भरत होताच.

नागरिक म्हणून आपण एक करू शकतो. आपल्या गावच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राबाबत ‘पाणी आता किती स्वच्छ दिसतं’ यावर समाधान मानायचं नाही. सीओडी किती, हे विचारायचं. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडीकरण करायला लागणारा प्राणवायू म्हणजे सीओडी. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आणि जीवचाचणीचं काय झालं, हेही विचारायचं. आपल्या नियमांतच ही चाचणी आहे: न मिसळलेल्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत.

रंगाई, छपाई किंवा रंगनिर्मितीत काम करणाऱ्यांसाठी, आणि ते काम सोडून कित्येक वर्षं झालेल्यांसाठीही, एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नका. एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी दाखवा. मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडला तर उपचार सोपे असतात. आणि डॉक्टरांना आपलं काम काय होतं ते स्वतःहून सांगा. ‘तुमचा व्यवसाय काय?’ हा प्रश्न रुग्णाला विचारावा, असं इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतल्या गर्दीत तो विचारायचा राहून जातो. तुम्ही सांगितलंत तर राहणार नाही.

शेवटी, प्रक्रिया झालेल्या पाण्याची परीक्षा घेणारा एक साधा साक्षीदार. रंग मोडणाऱ्या जिवाणूंवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बरंच काम झालं आहे. अशा संशोधनात पाणी नितळ झालं एवढ्यावर कुणी थांबत नाही. ज्वारी, गहू, मूग यांचं बी त्या पाण्यात भिजवतात, शेजारी साध्या पाण्यातलं बी ठेवतात, आणि काही दिवसांनी किती रुजलं, मूळ किती लांब गेलं, कोंब किती वाढला ते पट्टीने मोजतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारं जे काही पाण्यात उरलेलं असतं, ते त्या मुळाला आधी कळतं.